आमच्यात एकट्यानं खात न्हाईत

लॅबच्या ताटलीत जंतू वाढायला वेळ लागतो. किस्से मात्र शटर वर गेल्यापासून वाढायला लागतात! मी धामणकर नाक्याजवळच्या एका लॅबमध्ये टेक्निशियन. जंतू कुठला आणि कुठलं अँटिबायोटिक त्याला मारतं, हे शोधायचं आमचं काम. हसू आवरणं हे वरकाम.

*

एक सासूबाई सुनेला घेऊन आल्या. चिठ्ठीवर ‘युरीन कल्चर’ लिहिलेलं. मी विचारलं, "हिचं कल्चर बघायचंय ना?"

"नीट बघून घ्या," सासूबाई म्हणाल्या. "लग्नाच्या टायमाला आम्ही बघितलं न्हाय!"

*

लूमवरच्या एका कामगाराने थुंकीची डबी आणून दिली. डबीवर नाव त्याचं, थुंकी रूम पार्टनरची!

"मेरी ड्युटी थी, टाइम नहीं मिला," तो म्हणाला. "खोली एक, खाँसी भी एक. क्या फरक पड़ता है?"

*

पण सगळ्यांवर कडी केली काल्हेरच्या बाळारामशेठनी. गोडाऊनचे मालक, अंगात शुगर, पायाची जखम चिघळत चाललेली. त्यांच्या रिपोर्टमध्ये औषधांपुढे ओळीने R, R, R! म्हणजे रेझिस्टंट, जंतू या औषधांना दाद देत नाही. मी हे समजावलं, तर शेठची छातीच फुगली.

"माझ्या घरचं खातोय तो! असा मरल कसा?"

*

आमच्या डॉक्टर मॅडमनी खोदून खोदून विचारलं, तेव्हा उलगडा झाला. शेठ कुठलाही कोर्स आणला की दोन गोळ्या स्वतः घ्यायचे, बाकीच्या भावांना, वहिनींना वाटायचे. एक म्हशीलाही!

"अहो, पण का?"

"आमच्यात एकट्यानं खात न्हाईत, मॅडम!"

मॅडम तडकल्या. "अर्धवट डोसाने जंतू मरत नाही, जास्त माजतो! आता एकच औषध उरलंय. हा कोर्स मोडलात, तर पाय कापावा लागेल."

शेठ पायाकडे बघत राहिले. मलाही वाईट वाटलं.

"घेईन," ते हळूच म्हणाले. "एकटाच घेईन."

*

परवा शेठ आले. जखम भरलेली, पायात नवी चप्पल, चाल झोकात. खरंच फार बरं वाटलं! मॅडमनी पाय निरखून पाहिला आणि चक्क हसल्या. "कोर्स पूर्ण केलात ना?"

"त्याच्या आधीच बरा झालो!" म्हणत शेठनी मिठाईचा बॉक्स उघडला.

प्रत्येक पेढ्यावर, पिस्त्याच्या जागी, एकेक कॅप्सूल खोचलेली होती.

"घ्या मॅडम, लाजू नका!"