मूळपेशींना स्थळं दाखवणारे मामा

माझ्या बायकोच्या मामांइतका जुळवाजुळवीचा नाद असलेला माणूस सबंध कृष्णाकाठी दुसरा झाला नसेल. सांगलीत हाडांचे डॉक्टर. पण सोफा घ्यायचा तरी दुकानात तासभर त्यावर पेपर वाचत बसायचे. मला भाची द्यायची का, हे ठरवताना त्यांनी पत्रिका बघितलीच नाही. मला आपल्या बहिणीसोबत, म्हणजे आजच्या माझ्या सासूबाईंसोबत, तीन तास एका खोलीत बसवलं आणि अधूनमधून डोकावून गेले. "जवळ ठेवायचं आणि बघायचं," एवढंच त्यांचं शास्त्र.

नव्वदच्या दशकात हे शास्त्र हाडांपर्यंत पोचलं. तुटलेल्या हाडातली फट ज्यानं भरायची ते द्रव्य पेशंटच्या मूळपेशींना, म्हणजे मज्जेतल्या ज्या पेशींपासून नवं हाड तयार होतं त्यांना, मानवतं का, हे आधी बघायचंच, असा मामांनी हट्ट धरला. आष्ट्याच्या पोल्ट्रीवाल्याकडून अंडी उबवायची पेटी आणली. पेशंटच्या कमरेच्या हाडातली मज्जा दोन काचेच्या बश्यांत ठेवायची, एकीत सिरॅमिकचे दाणे, दुसरीत समुद्रातल्या पोवळ्याचा तुकडा, आणि पेशी कुठं चिकटतात ते सूक्ष्मदर्शकातून बघायचं. याला ते 'स्थळ दाखवणं' म्हणत. पहिल्या खेपेला नुसती बुरशी आली. तिला दोन्ही स्थळं पसंत होती.

मग आटपाडीचे एक रिटायर सुभेदार आले. दोन ऑपरेशनं होऊनही नडगीचं हाड जुळत नव्हतं, आणि आता जुळलं नाही तर पाय कापायचा, असं त्यांना सांगितलेलं. मामांनी पोवळं दाखवताच सुभेदार गंभीर झाले.

"आवं डाक्टर, पोवळं लय कडक असतंय. लाभतंय का न्हाई, उशाखाली ठिवून सपान काय पडतंय बघाय पायजे."

दुसरा डॉक्टर हसला असता. मामांना गहिवरून आलं. त्यांचं शास्त्र समजणारा पहिला माणूस भेटला होता. त्यांनी एक तुकडा पुरचुंडीत बांधून दिला आणि केसपेपरवर रोजची स्वप्नं लिहून घेतली: सोमवारी काही नाही, मंगळवारी म्हैस, बुधवारी परेडवर धावले. पंधरवड्यात बशीतल्या पेशींनीही पोवळ्यावर बिऱ्हाड थाटलं. दोन्हीकडून होकार आला म्हणून मामांनी ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पेढे वाटले. मी माझा पेढा तसाच खिशात टाकला. माणसाचा पाय जायची वेळ आणि हे पेढे कसले वाटतात, म्हणून मी मनातून चिडलोही होतो.

हाड जुळलं. तरी सुभेदार तपासणीला आले की मामा दरवेळी ओरडायचे, त्या पायावर भार टाकू नका.

मामा गेले, तेव्हा सुभेदार पहिल्या एसटीनं आले. मामांचं वजन भरभक्कम. मी सुभेदारांना म्हणालो, तुम्ही खांदा देऊ नका.

"भार टाकू नगा म्हनायचे," ते म्हणाले. "आज वरडाय कोन हाय?"

स्मशानापर्यंत त्यांनी खांदा बदलू दिला नाही.