इंदूआत्याचा काटा

फोन दुपारी आला. नव्या रायपूरच्या ऑफिसात खिडकीबाहेरचे रुंद, रिकामे रस्ते उन्हात तरंगल्यासारखे दिसत होते आणि मी उगाच त्यांच्याकडे पाहत बसलो होतो. जुन्या रायपुरातल्या तात्यापाऱ्यातून इंदूआत्याची शेजारीण बोलत होती, "भैया, आत्या उठ नहीं रही हैं… मशीन के पास ही बैठी हैं, जैसे आँख लग गई हो." मी पोचलो तोवर तिला चटईवर निजवलं होतं. शिलाई मशीनवर एक अर्धा फ्रॉक होता, सुई त्यात तशीच रुतलेली. आत्याच्या पांढऱ्या केसांतला भांग मात्र नेहमीसारखा सरळ होता.

इंदूआत्या माझ्या वडिलांची धाकटी बहीण. टेलिफोन ऑफिसात नोकरी केली, लग्न केलं नाही. आजीकडून तिच्याकडे एक साळिंदराचा काटा आला होता. वीतभर लांब, गुळगुळीत, काळ्यावर पांढरे पट्टे असलेला. आमच्यात पहिलटकरणीच्या सातव्या महिन्यात नवरा अशा काट्याने तिचा भांग पाडतो. तात्यापाऱ्यातल्या मराठी घरांत तो एकच काटा फिरायचा. आत्या रुमालात गुंडाळून तो पोचवायची आणि समारंभ होईपर्यंत स्वयंपाकघरात पुऱ्या लाटत राहायची. काटा परत करायचा तो खण-नारळासह, असा रिवाज. त्या खणांची ती गल्लीतल्या पोरींसाठी परकर, फ्रॉक शिवायची. लहानपणी ती मला तो काटा हातात द्यायची. "पाह्य, किती हलका आहे. त्या जनावराच्या अंगावरून गळला तरी त्याले समजलं नसन." मी तो उन्हात धरायचो. टोकाशी उजेड शिरल्यासारखा वाटायचा… मग मला डुलकी लागायची.

नवं राज्य झालं, रायपूर राजधानी झालं, भोपाळहून फायलींचे ट्रक येत होते, त्या दिवसांत माझ्या बायकोला, माधुरीला, सातवा लागला. आत्याने काटा आणला. मी माधुरीचा भांग पाडला, सगळे हसले, कारण तो वाकडा गेला होता. पुढच्याच महिन्यात आमचं बाळ पोटातच गेलं. दवाखान्याच्या व्हरांड्यात आई म्हणाली, "तिच्या हातचा काटा आणायलेच नको होता. जिनं संसार नाही केला…" आई दुःखात बोलली होती. मी कशात होतो कोण जाणे. कोणावर तरी बोट ठेवायला मिळालं, म्हणून मला बरं वाटलं, हे आज लिहितो. आत्या कामावर गेलेली असेल अशी वेळ साधून मी तिच्याकडे गेलो आणि काटा वर्तमानपत्रात गुंडाळून खिडकीच्या गजात खोचून आलो. खण नाही, नारळ नाही. असा काटा परत आला याचा अर्थ तिला कोणी सांगायची गरज नव्हती. गल्लीतही कोणाला गरज पडली नाही. त्यानंतर तो कोणी मागितला नाही.

आत्याने मला कधी विचारलं नाही, काहून असं केलं. तिने काट्याला दुसरी कामं दिली. परकराचा नाडा ओवायचा, गुंता सोडवायचा, कॉलर उलटून तिचं टोक काढायचं. आणि सकाळी गल्लीतल्या पोरी शाळेआधी तिच्या दारात रांग लावायच्या, "आत्या, मेरी मांग सीधी निकालो." काटा मशीनच्या खणात असायचा आणि खण कायम बोटभर उघडा. मागावं लागू नये म्हणून. नंतर आम्हाला मुलगी झाली, सई. तिची शाळा तात्यापाऱ्यात, म्हणून तीही त्या रांगेत जाऊ लागली. एकदा तिला घ्यायला लवकर गेलो, तर आत्या तिच्या डोक्यावर तोच काटा फिरवत होती. मी उंबऱ्यावरच थांबलो. आत्याने माझ्याकडे पाहिलं, काटा पुढे केला. "डरून राहिला का रे? घे, तूच पाड." मी पाडला. सई आरशात बघून ओरडली, "पापा ने सब टेढ़ा कर दिया!" आत्या इतकी हसली की तिला ठसका लागला. तेव्हा माफी मागायला हवी होती. मी पाणी आणून दिलं.

आत्या गेली तेव्हा लग्न झालेल्या सईला सहावा महिना संपत होता. माझ्याशी ती हिंदीतच बोलते. "पापा, आत्या वाला कांटा ही चाहिए. नहीं तो रहने दो." गेल्या आठवड्यात तेलीबांध्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये समारंभ झाला. आत्याच्या खोलीतून मी काटा आणून ठेवला होता. रुमाल सोडला तेव्हा आईने विचारलं, "काटा कोणाचा आनला?"

"इंदूआत्याचा," मी म्हणालो. "त्याच्यानं काही झालं नव्हतं, आई. मी तेव्हाच बोलायला पाहिजे होतं."

आईने काटा उचलला. त्याला खोबरेल तेलाचा वास होता. तिने पदराने तो पुसायला घेतला, मग पुसला नाही. तसाच जावयाच्या हातात दिला. माधुरी खिडकीकडे तोंड करून उभी होती.

संध्याकाळी आईने कपाटातून हिरवा खण काढला, नारळ काढला आणि माझ्यापुढे ठेवला. "जा, देऊन ये."

तात्यापाऱ्यातल्या त्या खोलीत धूळ आणि मशीनच्या तेलाचा वास होता. अर्धा फ्रॉक तसाच होता. मी नारळ मशीनवर ठेवला, खण त्या फ्रॉकशेजारी उलगडून ठेवला. तिने बोटांनी ताणून पाहिला असता, पुरतो का ते… मग काटा मशीनच्या खणात ठेवला आणि खण लोटला. बोटभर उघडा राहील, इतकाच.