बेचिराग गावाची पाहणी

निजामाच्या वेळच्या दप्तरात, ज्या गावात माणूस उरला नाही त्याच्यापुढं ‘बेचिराग’ असा शेरा असे. दिवा लावायला कुणी नाही, एवढाच अर्थ. सत्तरच्या दशकात मी जालन्याला विभागीय नियोजन मंडळाच्या कचेरीत नकाशे रंगवायला होतो, तेव्हा हा शब्द मला फार सोयीचा वाटे. बेचिराग म्हटलं की रस्ता नको, शाळा नको, विहीर नको. फुली मारली की काम संपलं.

मंडळाचं काम ऐकायला थोर होतं. दोन शेजारच्या जिल्ह्यांच्या परिषदा, पंचायत समित्या, नगरपालिका यांना एका टेबलाशी बसवायचं आणि कुणाची विहीर कुणी खोदायची ते ठरवायचं. एरवी त्यांचं आपसात विळ्याभोपळ्याचं सख्य.

मंठ्याच्या बाजूला, नेमकं दोन जिल्ह्यांच्या हद्दीवर, असं एक बेचिराग गाव होतं. विहिरींची यादी पक्की करण्याआधी ते पाहून यायला मला पाठवलं. जीपवाला ओढ्याशीच थांबला. म्हणाला, “म्या न्हाई येत. तितं कोनी ऱ्हात न्हाई, तरी भर दुपारी आवाज येतेत.” मी हसलो आणि चालत निघालो.

टेकाडावर पंधराएक झोपड्या होत्या. एकीवर निळा झेंडा. कुत्रंसुद्धा भुंकलं नाही. आणि रणरणत्या उन्हात प्रत्येक दारात रॉकेलची चिमणी पेटवून ठेवलेली. ज्योत उन्हात दिसत नव्हती, वरची हवा तेवढी हलत होती. दारांआडून माणसं बघत होती.

शेवटी एक म्हातारी पुढं आली. “तुमी येनार म्हून कोतवालानं सांगितल्तं, सायेब. तुमच्या कागदात हितं चिराग न्हाई म्हंतेत ना? मंग मोजून घ्या.”

जयंतीवरून मूळ गावाशी बिनसलं, तेव्हापासून ही घरं इथं येऊन राहिली होती. पाणी दोन कोसांवरून आणायचं. त्यातलाच एक तांब्या तिनं माझ्या हातात दिला. “एक हीर लिवा. लेकरं मरून राह्यली पान्यापायी.”

मंडळाच्या बैठकीत त्या गावाचं नाव वाचलं गेलं. अलीकडचे म्हणाले, ते पलीकडच्यांचं. पलीकडचे म्हणाले, अलीकडच्यांचं. मी धीर करून उठलो. “साहेब, तिथं माणसं आहेत. मी तिथं पाणी प्यालोय.”

अध्यक्षांनी शांतपणे विचारलं, “विहीर नाही, माणूस नाही. मग तुम्हाला पाणी पाजलं कुणी?”

सगळे हसले. शेजारच्या कारकुनानं मात्र आपली खुर्ची जरा बाजूला सरकवली. आणि सांगायला लाज वाटते, पण त्या क्षणी मलाच माझी शंका आली. मी खाली बसलो. फुली माझ्याच पेनानं मारली.

पुढच्या उन्हाळ्यात फेरपाहणीला गेलो. कूड उभे होते, चुली गार. एका कुडावर खडूनं मुळाक्षरं काढलेली होती, ‘झ’पर्यंत. मी हाक मारली, पुन्हा मारली. ती माणसं कुठं गेली, हे ओढ्यापलीकडं कुणाला सांगता येईना. इथं कुणी होतं, हेच कुणी मानेना.

परत येऊन अहवाल लिहिला: ‘प्रत्यक्ष पाहणी केली. दप्तरातील नोंद बरोबर आहे.’ त्यावर दोन्ही जिल्ह्यांनी पहिल्यांदाच एका दिवशी सह्या केल्या.