नीलाच्या आप्पांना मी काय सांगितलं

माझं सगळं आपल्याला ठाऊक आहे, असं माझी आई म्हणते. हे तिला ठाऊक नाही. बाबांना नाही, वसतिगृहातल्या मैत्रिणींना नाही — आणि जिला पहिल्यांदा सांगायला हवं होतं, तिला तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणूनच कदाचित तुमच्यापुढे हे काढता येतंय. चारचौघांत बोलायची वेळ आली की माझा घसा आवळतो. लहानपणापासून तसंच. लोक म्हणतात, गुणी आहे, मोजकं बोलते. मोजकं बोलणारी मुलगी खरंच बोलत असणार, असं का वाटतं हो सगळ्यांना?

मॅट्रिकचं वर्ष होतं ते. सोलापुरात मार्शल लॉ होऊन गेला त्याला काही वर्षं लोटली होती. बाबा गिरणीच्या कचेरीत हेडक्लार्क. इंग्रजीवर त्यांचा फार जीव, म्हणून मला मिशनच्या शाळेत घातलेलं. तिथं सगळं इंग्रजीतून. मॅट्रिकच्या वर्गात आम्ही मूठभर मुली, आणि त्यांतली नीला ही माझी मैत्रीण.

घरचं नाव नीलव्वा. दुधनीच्या लिंगायत व्यापाऱ्याची मुलगी. शिकायला सोलापुरात मामांकडे राहायची. मी जितकी मुकी, तितकी ती बोलकी. मला ‘घुमे’ म्हणायची. “ए घुमे, उत्तर येतं ना तुला? मग हात वर कर की! का हातालाबी लाज वाटते?” गणितात आणि संस्कृतात ती पुढे, इंग्रजीत मी. आमचं दोघींचं ठरलेलं होतं — म्हणजे तिनं ठरवलं होतं, मी मान हलवली होती — की पुण्याला कॉलेजात जायचं, एका खोलीत राहायचं. “तुझ्या वाटचं मी बोलेन,” ती म्हणायची. “तू नुसती माझ्यामागं उभी राहा.”

कॉलेजात नाव घालायला मॅट्रिक पास होणं पुरेसं असतं. अडचण राहण्याची. पुण्यात आमचं कुणी नव्हतं आणि बाबांची अट होती — वसतिगृहात जागा मिळाली तरच. मुलींच्या खोल्या थोड्या, मागणाऱ्या साऱ्या इलाख्यातून. तिथल्या बाई शाळेच्या मुख्याध्यापिकेच्या शब्दावर मुली घेत. मागच्या वर्षी आमच्या शाळेतून एक मुलगी गेली होती. त्याच्या आदल्या वर्षीही एकच. म्हणजे सोलापूरला जागा एक — हे मला कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. माझं मीच ठरवून टाकलं.

आणि मग ते तोलणं सुरू झालं. सकाळी शाळेला जाताना वाटेत तेलुगू विणकरांची घरं लागत, आत मागांची खटखट चाललेली असे, आणि त्या खटखटीवर माझ्या डोक्यात एकच घोकणं — इंग्रजी माझं, गणित तिचं, संस्कृत तिचं, अक्षर माझं, धीटपणा तिचा. कुठूनही मोजलं तरी ती वर आणि मी खाली. मैत्रिणीला असं तोलायचं असतं का? मी रोज तोलत होते. तिच्या डब्यातली शेंगाचटणी खात तोलत होते.

चाचणी परीक्षेत ती पहिली आली. मला आनंद झाला असं मी म्हणाले. ती माझ्या गळ्यात पडली.

आता त्या दिवसाकडे येते. मगापासून टाळतेच आहे.

मंगळवार होता. नीलाचे आप्पा — मल्लप्पा — आडतीच्या कामाला दुधनीहून सोलापूरला आले होते आणि न कळवता शाळेत आले. आमच्या मोठ्या मिस, म्हणजे मुख्याध्यापिका, त्याच वर्षी विलायतेहून आलेल्या. त्यांना मराठी ‘नमस्कार’ आणि ‘बसा’ इतकंच. पालक आले की मराठीच्या बाई मध्ये बसून दुभाषाचं काम करत. त्या दिवशी बाई तापानं घरी होत्या. नीलाला बोलवावं, तर तिच्या भवितव्याचं बोलणं तिच्यासमोर नको असं मिसना वाटलं. त्यांनी शिपायाला माझ्याकडे धाडलं. तिची मैत्रीण, शांत, विश्वासाची. माझ्यापेक्षा योग्य कोण मिळणार होतं?

आप्पा खुर्चीच्या अगदी कडेवर बसले होते. पटका, कपाळाला भस्म, हातात छत्री. मला पाहून त्यांचा चेहरा सैल झाला. “तू हैस व्हय अव्वा! बरं झालं,” ते म्हणाले. मुलीला लाडानं त्यांच्यात अव्वा म्हणतात.

त्यांना एवढंच विचारायचं होतं. पोरीनं कॉलेजचा हट्ट धरलाय. मोडवत नाही. पण रोज सकाळी अंघोळ झाली की तिची लिंगपूजा असते — गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन — ती झाल्याशिवाय ती पाण्याचा घोट घेत नाही. त्याला तिथं जागा मिळेल का? आणि सैपाक कुणाच्या हातचा? पंगत कुणाबरोबर? “तेवढं नीट इचार,” म्हणाले. “मला धाडायचं हाय. पर तेवढं कळाया पायजे.”

मला धाडायचं हाय. हे त्यांचे शब्द. मी ते ऐकले. ऐकलेच नाहीत असं मला म्हणता येणार नाही.

मी मिसना इंग्रजीत विचारलं, नीट, जसंच्या तसं. मिस हसल्या. म्हणाल्या, त्यांना सांग, मुळीच काळजी करू नका. मी गेल्या महिन्यात स्वतः तिथं जाऊन आले. धारवाडकडच्या दोन लिंगायत मुली आहेत. स्वैपाकघरामागची छोटी खोली त्यांना दिलीय, तिथं त्या पूजा करतात, वेगळ्या चुलीवर आपलं आपण रांधतात. नीलाही त्यांच्यात जाईल.

आप्पा माझ्या तोंडाकडे बघत होते.

माझ्या हातून चुकून झालं, गोंधळून झालं, असं मी कितीतरी वेळा स्वतःला सांगून पाहिलं. खोटं आहे ते. त्या क्षणी माझा घसा आवळला नाही. मला अगदी स्वच्छ बोलता आलं. मी म्हणाले, “मिस म्हणतात, तिथं सगळ्यांना नियम एकच.”

“म्हंजे?”

“म्हणजे एकाच पंगतीला जेवायचं. आणि खोलीत पूजा वगैरे चालत नाही.”

आप्पांनी छत्री उचलली. मला वाटलं, संपलं, उठतील आता. पण ते उठले नाहीत. पुढं वाकून, हात जोडून, मिसकडे न बघता माझ्याकडेच बघून म्हणाले, “बाईंना म्हनावं, फकस्त एक कोपरा द्या. शेगडी, भांडी, समदं मी धाडतो. लई हुशार हाय ओ पोरगी.”

तिथं मी थांबू शकत होते. एक वाक्य पुरे होतं — ऐकण्यात माझी चूक झाली, आप्पा. कुणी रागावलंही नसतं. उलट हसले असते.

मी मिसकडे वळले आणि इंग्रजीत म्हणाले, परीक्षेनंतर तिचं लग्न करायचं ठरलं आहे, असं ते म्हणताहेत.

मिसनी डोळे मिटले. असं उत्तर त्यांनी आल्यापासून किती बापांकडून ऐकलं असेल! त्यांना ते चटकन पटलं. त्यांनी हळूहळू मान हलवली — नाही, नाही, अशी, हळहळून. आणि आप्पांनी ती हलणारी मान पाहिली. त्यांना वाटलं, कोपराही नाही म्हणताहेत. साहेबाच्या माणसांकडून नकार घ्यायची त्यांनाही सवय असणार. दोघांनीही एकमेकांकडून जे अपेक्षिलं होतं, नेमकं तेच मी दोघांना दिलं. म्हणून तर कुणाला शंका आली नाही.

दाराशी आप्पा थांबले. “तू हुतीस म्हून बरं, अव्वा,” म्हणाले. “न्हायतर ह्यांचं काय कळलं असतं आमास्नी?”

पुढचे दिवस मी धाकात काढले. नीलाला इंग्रजी येत होतं. सरळ जाऊन मिसना विचारलं असतं तर सगळं उघडं पडलं असतं. पण ती मानी होती. ज्यांनी कोपरा नाकारला त्यांच्या दारात ती जाणार नव्हती. मिसनीच एकदा व्हरांड्यात तिच्या खांद्यावर हात ठेवून, फार वाईट वाटलं, असं म्हटलं. नीला तशीच माझ्याकडे आली. “एवढं वाईट वाटतं तर जागा द्यायची होती की गं!” आणि मग एकदम — “तू होतीस ना तिथं? खरंच असं म्हणाल्या?”

मी हो म्हणाले.

“मग खरंच असणार,” ती म्हणाली. आणि रडली. ती रडताना मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होते.

मॅट्रिकला ती माझ्यापुढेच राहिली. लग्नही झालं — माझं खोटं खरं व्हायला मे महिनादेखील सरला नाही. मिसनी वसतिगृहासाठी माझं नाव सुचवलं. आणि माझ्याबरोबर आमच्या वर्गातल्या आणखी एका मुलीचं. तिसऱ्या नंबराची, जिला मी तोलतानाही कधी धरलं नव्हतं. दोघींनाही जागा मिळाली. दोन जागा होत्या. पण मला वाटत होतं तशी एकच असती, तर? तर माझं वागणं कमी वाईट ठरलं असतं का? नाही. हे मी फार पूर्वीच स्वतःला विचारून झालंय.

कॉलेजचं पहिलं वर्ष संपवून मी घरी आले तेव्हा नीला बाळंतपणाला दुधनीला माहेरी होती. बाबांचं त्या बाजूला काम निघालं, आणि तिनं निरोप धाडला होता, म्हणून मीही गेले. आप्पांनी दारातच हाक दिली, “या, या, कालेजवाल्या आल्या!” नीला भिंतीला टेकून बसली होती. सुजलेले पाय, हातभर बांगड्या. मला बघून तसंच हसली. “घुमे, आज तुला बोलावंच लागणार. बस हितं.”

तिनं सगळं विचारलं. लॉजिक म्हणजे काय? प्रोफेसर मुलींना प्रश्न विचारतात का? ग्रंथालयातून पुस्तक घरी आणू देतात? मी सांगत गेले. माझ्या उत्तरांवर ती आणखी प्रश्न काढायची, माझ्यापेक्षा चांगले. बीजगणितातलं एक उदाहरण तिनं मला तोंडी घालायला लावलं आणि मी कागद मागायच्या आत तिनं ते सोडवलंही.

मग ती जरा जवळ सरकली. खालच्या आवाजात तिनं विचारलं, “आमच्यातली कुणी मुलगी हाय का गं तिथं?”

धारवाडच्या त्या दोघी माझ्या मजल्यावर राहतात. एक माझ्या शेजारच्या खोलीत. सकाळी ओल्या केसांनी ती पूजेच्या खोलीकडे जाते तेव्हा माझ्या दारावरून जाते. मी रोज तिला बघते.

“नाही,” मी म्हणाले.

नीलानं मोठा श्वास सोडला. तिचा चेहरा खरंच हलका झाला. “बघ,” ती म्हणाली. “मग आप्पांचं बरोबरच होतं. मी एकटीनं काय केलं असतं तिथं?” आणि आईला हाक मारून तिनं पान वाढायला सांगितलं. माझ्यासाठी मुद्दाम कडक भाकरी केली होती, शेंगाचटणी, वर दही. शेजारी बसून ती मला आग्रह करकरून वाढत राहिली. मी पोटभर जेवले.