चौकटताई आणि एका फोनमागची माणसं

चौकटताई आमचा संगणक ताळ्यावर आणायला आली आणि पहिले दोन दिवस तिनं तो सुरूच केला नाही. रक्तदाता मंडळाच्या खोलीत खिडकीपाशी बसून ती जुन्या लग्नपत्रिकांच्या पाठीवर पेन्सिलीनं चौकटी काढत राहिली. एका चौकटीत 'माणूस', दुसरीत 'गाव', तिसरीत 'शिबिर', आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा. शेवटी मी विचारलं, "ताई, मशीन सुरू करून देऊ का?"

"थांबा मॅडम. जे आपल्याले कागदावर नाही समजलं, ते मशीनले काय समजन?"

इरा, नील, आजी एसक्यूएल, म्हणजे संगणकातल्या याद्यांना प्रश्न विचारायची भाषा, लिहिते हे ऐकून परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघं हसत सुटलात. ते मला कुणी शिकवलं, हे आज क्रमवार सांगते.

ती मूळची घाटंजीची. पुण्यात बारा वर्षं मोठमोठ्या कंपन्यांचे डेटाबेस सांभाळले आणि वडिलांना अर्धांगवायू झाला तेव्हा नोकरी सोडून परत आली. नाव तिचं वेगळंच होतं, पण आमच्या शिपाईमामांनी तिला पहिल्याच दिवशी चौकटताई केलं आणि तिनंही ते आनंदानं घेतलं. यवतमाळात तुमच्या आजीचं रक्तदात्यांचं मंडळ आहे, आणि त्याची यादी फार हळू चालते, एवढंच तिला कुणीतरी सांगितलं होतं.

हळू म्हणजे किती, तर 'ओ निगेटिव्ह, घाटंजी तालुका' असं विचारलं की पडद्यावर एक चक्र फिरू लागे आणि मामा तेवढ्यात खालून चहा घेऊन येत. मला वाटायचं, मशीन जुनं झालं, नवं घ्यावं. चौकटताईनं माझ्या टेबलावरचा जाडजूड इंग्रजी शब्दकोश उचलला. "मॅडम, तुम्ही यात झेब्रा शोधाले पहिल्या पानापासून वाचता काय?"

"नाही."

"मंग त्या बिचाऱ्याले काहून वाचाले लावता? त्याले सूचीच नाही दिली तुम्ही. दरवेळी पूर्ण पोथी वाचून राह्यलं ते."

मी उत्साहानं म्हटलं, मग सगळ्याचीच सूची करून टाकू. नाव, वय, वजन, पत्ता, सगळ्याची. ती हसली. जितक्या सूच्या, तितक्या प्रत्येक नव्या नोंदीच्या वेळी बदलाव्या लागतात, म्हणाली. "जे रोज विचारता त्याचीच करा. आधी गट, मंग तालुका, मंग शेवटचं रक्त कधी देलं ते. याच क्रमानं." मला आयुष्यभर सगळं क्रमानंच लागत आलंय; तो शब्द ऐकून मला ती एकदम आपली वाटली.

तिसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. पांढरकवड्याच्या एका दवाखान्यातून एक नवरा बोलत होता. बायकोचं दुसऱ्या दिवशी सकाळी सिझेरियन, अंगात रक्त कमी, गट ओ निगेटिव्ह. रक्त हाताशी असल्याशिवाय डॉक्टर पुढं जायला तयार नव्हते. रक्तपेढीत त्या गटाची पिशवी नव्हती. मी यादीला विचारलं. चक्र फिरलं, फिरलं, आणि उत्तर आलं: कुणीही नाही.

मी त्याला तसं सांगणार, तोच चौकटताईनं माझ्या मनगटावर हात ठेवला. "अर्धा तास मागा त्याले."

तिच्या मांडीवर शिबिरांच्या कागदी अर्जांचे गठ्ठे होते. दोन दिवस ती प्रत्येक शिबिराचे अर्ज मोजत होती आणि यादीच्या छापील प्रतीतल्या नोंदींशी ताडून पाहत होती. घाटंजीकडच्या एका तांड्यावरच्या शिबिराचे एकतीस अर्ज होते. यादीत त्या तांड्याचा एकच माणूस होता: किराणा दुकानदार, बी पॉझिटिव्ह.

तिनं अर्ज माझ्यासमोर पसरले. एकतीसही अर्जांवर एकच मोबाईल नंबर. तांड्यावर रेंज फक्त त्या दुकानाच्या ओट्यावर येते, म्हणून सगळ्यांनी विश्वासानं दुकानदाराचाच नंबर दिला होता. आणि आमच्या यादीत नंबर हीच माणसाची ओळख होती. तोच नंबर पुन्हा आला की मशीन समजे, तोच माणूस पुन्हा आलाय, आणि जुनं नाव पुसून नवं लिही. दुकानदाराचा अर्ज सर्वांत शेवटी भरला गेला होता. त्याच्या आधीची तीस माणसं एकामागून एक पुसली गेली होती.

"हा नियम कोनं केला?" तिनं विचारलं.

तो मी केला होता, मुलांनो. दोन माणसांचा नंबर कधी एक नसतो, असं मी भर बैठकीत ठासून सांगितलं होतं, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. मी तिला खरं ते सांगितलं. अर्ज चाळता चाळता, वर न बघता ती म्हणाली, "नियम चांगला होता मॅडम. फक्त शहरातला होता."

एवढं बोलून तिनं गठ्ठ्यातून दोन अर्ज ओढले. प्रेमसिंग आणि त्याची बहीण सुनीता. दोघंही ओ निगेटिव्ह.

मी लगेच दुकानात फोन लावला. दुकानदार शांतपणे म्हणाला, "प्रेमसिंग वावरात हाय. बलावतो, पाच मिनिटं द्या." संध्याकाळच्या आत प्रेमसिंग मोटारसायकलवरून यवतमाळच्या रक्तपेढीत पोचला. दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास त्या नवऱ्याचा फोन आला. मुलगी झाली होती, बायको शुद्धीवर होती. शिपाईमामा त्या दिवशी चहाऐवजी जिलेबी घेऊन आले आणि चौकटताईनं चिकट बोटांनी मला नव्या चौकटी काढून दाखवल्या.

एक चौकट माणसांची, प्रत्येकाला आमचा स्वतःचा क्रमांक. एक चौकट फोनांची. आणि मध्ये एक बारीक चौकट, जिच्यात फक्त एवढंच, की कोणता माणूस कोणत्या फोनवर सापडतो. "एका फोनमागं तीस माणसं राहो, नाहीतर एका माणसाचे तीन फोन राहो, कोनीच कोनाले पुसत नाही." पुढचे पंधरा दिवस आम्ही कपाटातला एकेक अर्ज पुन्हा भरला. पुसलेली माणसं एकट्या त्या तांड्यावरची नव्हती. परत आलेलं प्रत्येक नाव मी मोठ्यानं वाचून दाखवत होते आणि मामा 'हजर' म्हणत होते. मग तिनं सूची केली आणि मला बटण दाबायला लावलं. बोट उचलायच्या आत नावं पडद्यावर आली. मी खुर्चीतून उठून उभी राहिले. तुमच्या आजोबांनी पाहिलं असतं तर म्हणाले असते, बस गं, गुडघे सांभाळ.

अंदाज बांधलेला तिला खपत नसे. काही हळू वाटलं की म्हणे, "मशीनलेच विचारा, तू कसं शोधलं ते. ते खोटं नाही बोलत." आणि खरंच, ते पायरीपायरीनं सांगतं. कुठं सूची वापरली, कुठं उगाच सगळं वाचलं. मी ते आता वर्तमानपत्रासारखं वाचते.

दिवाळीनंतर तिला नागपूरला काम मिळालं. जायच्या दिवशी तिनं माझ्याकडूनच संगणकातला स्वतःचा प्रवेश बंद करून घेतला. मी म्हटलं, राहू दे की, अडलं तर? "अडलं तर फोन करा. पण चावी माझ्यापाशी नको. हे घर तुमचं हाय." वडिलांची चाकाची खुर्ची आधी जीपमध्ये चढवली, मग ती चढली. मागं वळून हात करायची तिला सवय नव्हती.

गेल्या सोमवारी कळंबहून फोन आला. अपघात, ओ निगेटिव्ह, लवकर. मी एकटीच होते. विचारलं, आणि नाव आलं. तोच तांडा, तोच नंबर. दुकानदारानं लगेच उचललं. "मॅडम, भाऊ-बहीण दोघंबी इथंच हायेत ओट्यावर. कोनाले पाठवू?"

"सुनीताला," मी म्हटलं. "प्रेमसिंगनं मागच्याच महिन्यात दिलंय."

त्यानं फोन कानापासून दूर न नेताच हाक मारली, "ए सुनीता, चाल वं, तुले बलावलं." आणि आमच्या जुन्या यादीनं जिला पुसून टाकलं होतं, ती सुनीता 'आली, आली' म्हणाली, ते मला यवतमाळात स्पष्ट ऐकू आलं.