गमाजीचं अर्धं वाचन

गमलिएल साळवे हे नाव मोशीच्या खाणीवर कुणाच्याच तोंडात बसलं नाही. मुकादम सोपानरावाने पहिल्या दिवशी ते दोनदा म्हणून पाहिलं, तिसऱ्यांदा बाजूला थुंकून 'गमाजी' करून टाकलं. माणूस नगरकडचा, बापजाद्यांपासून ख्रिस्ती. महायुद्धात खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात दारू हाताळायला शिकला. युद्ध संपलं तशी सरकारने पाठ थोपटून त्याला घरी धाडलं. सन चोपन्नमध्ये पिंपरीच्या बाजूला नव्या कारखान्यांचे पाये खोदले जात होते, त्यांना दगड हवा होता, म्हणून भोसरीच्या पुढच्या टेकड्या फोडणं चाललं होतं. तिथे सुरुंग भरायचं आणि बत्ती द्यायचं काम गमाजीला मिळालं.

खाण म्हणजे रोजची मारामारी. माणूस दगडाला मारतो, दगड माणसाला मारतो आणि मधल्या वेळात माणसं एकमेकांना मारतात. पहारींनी दगड फोडणाऱ्या पहारकऱ्यांत दहा बोटं शाबूत असलेला माणूस विरळा. एकाचा डोळा कपचीने नेला होता, एकाचा जबडा वाकडा बसला होता. सोपानराव कातडी पट्टा कमरेला कमी आणि हातात जास्त बाळगायचा, आणि त्याच्या तोंडाला तर पट्ट्याहून जास्त धार होती.

गमाजीला तिथे पहिले सहा महिने पाणी वरून ओतून मिळालं. बाप-आजा ख्रिस्ती झाले म्हणून त्यांच्या आधीची जात कोण विसरतो? तो ओंजळ धरायचा, वरून धार पडायची, आणि तो काही बोलायचा नाही. बोलत नव्हता म्हणून लागत नव्हतं असं मात्र कुणी समजू नये.

कामाआधी एका सपाट दगडावर बसून तो शास्त्र, म्हणजे बायबल, वाचायचा. खडकीच्या चर्चच्या पाळकांनी वर्षाचा छापील तक्ता दिला होता. एकेका तारखेपुढे एकाच ओळीत दोन उतारे: उजाडताना जुन्या करारातला, दिवेलागणीला नव्या करारातला. एके दिवशी त्याने सिंहांच्या गुहेत टाकलेल्या माणसाचा उतारा मोठ्याने वाचला, आणि त्याच दुपारी गाडीएवढा दगड सुटून भिमाजी पहारकऱ्याच्या टाचेला घासून गेला. भिमाजी धिप्पाड, हसरा आणि बडबड्या. त्याने खाणभर दवंडी पिटली.

"गमाजीच्या पुस्तकात सकाळीच निघालं हुतं! सिंव्हाच्या जबड्यातनं माणूस जित्ता आला, तसा मी आलो!"

झालं. दुसऱ्या दिवसापासून जो तो विचारायला लागला, "गमाजी, आज काय निघालं?" चांगलं निघालं की माणसं बेधडक कड्याला भिडायची, वाईट निघालं की लांबून लांबून पहारी मारायची. गमाजीने आधी हात जोडले. "राव, हे पंचांग न्हाई." पण मग एक दिवस भिमाजीने त्याच्यापुढे चहाचा पेला धरला. वरून ओतलेला नव्हे. स्वतःचा, ओठ लावलेला पेला. गमाजीने तो घेतला, आणि त्या दिवसापासून पंचांग नाही असं म्हणणं सोडून दिलं.

बायकोला, रूथला, हे कळलं तेव्हा ती कडाडली. "देवाचं वचन हाय ते, पोपटवाल्याची चिठ्ठी न्हाई. त्यांनी इचारायचं आन् तुमी सांगायचं?"

"चार माणसात बसवतात ते मला," गमाजी म्हणाला. "तुला काय ठाऊक ओंजळ कशी दुखती ते."

पंचावन्नच्या वैशाखात, एका मंगळवारी, ते स्तोत्र आलं. शेजारी हजार पडतील, उजव्या हाताला दहा हजार पडतील, पण तुला काही शिवणार नाही. देवदूत तुला हातावर झेलतील आणि तुझ्या पायाला दगडाची ठेचही लागू देणार नाहीत. खाणीतल्या माणसांना दगडाची ठेच म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको होतं. आरोळीच उठली.

दहाच्या सुमारास गमाजीने सात सुरुंगांना बत्ती दिली, लाल निशाण फडकावलं आणि आडोशाला बसून आवाज मोजले. सहाच झाले. कड्याच्या पोटात एक सुरुंग उडालाच नव्हता. अशा वेळी काय करायचं हे त्याच्या हाडात मुरलेलं होतं: एक तास कुणी जवळ जायचं नाही, त्या भोकाला हात लावायचा नाही, हातभर अंतरावर नवं भोक पाडून दोन्ही एकदम उडवायचे. पण खाली तीन ट्रक भरायचे थांबले होते आणि सोपानराव पट्टा मांडीवर आपटत होता. भिमाजीने पहार उचलली.

"मी उकरतो. आज तर झ्याक निघालंय न्हवं, गमाजी?"

खाण थांबून गमाजीकडे पाहत होती. एक तास थांबा, हे शब्द जिभेवर आले होते. पण ते म्हटले तर सकाळचं वाचन खोटं पडत होतं, आणि वाचन खोटं पडलं तर पेला गेला. गमाजी म्हणाला, "जा. आज भ्यायचं कारण न्हाई."

भिमाजीने पहारीचे चार घाव घातले. पाचव्याला कडा फुटला. धूळ बसली तेव्हा पहार वीस हातांवर वाकून पडली होती आणि भिमाजीला मानेच्या वर काही उरलं नव्हतं. त्याचा धाकटा भाऊ भैरू धावत गेला, त्याने भावाचा हात धरून ओढला, तर नुसता हातच आला. तो हात उराशी धरून भैरू असा ओरडला की खाली ट्रकजवळची माणसं पळत सुटली.

मग तो गमाजीकडे वळला. घणाचा दांडा घेऊन त्याने त्याला दगडावर पाडला. पहिल्या फटक्याला डावा हात मोडला, दुसऱ्याला कान फाटला. पाचजणांनी मिळून भैरूला मागे ओढलं. "तेरावा होऊ दे," तो फेस गाळत म्हणाला, "तुला त्याच भोकात घालून बत्ती देतो!"

पंचनाम्याला फौजदार आला. सोपानरावाने सांगितलं, मयत आपल्या मनाने गेला. मोडका हात गळ्यात बांधून गमाजी पुढे झाला. "साहेब, मी जा म्हणालो. म्हणून गेला." फौजदाराने कागदावरून मान वर केली नाही. "पुस्तक वाचून माणूस मेला असं कुठं लिहितात का? सर बाजूला." कायद्याने त्याला असं सोडून दिलं, आणि गमाजीला ते दांड्याहून जास्त लागलं.

दिवेलागणीला तो घरी कण्हत पडला होता. पण वाचन त्याने कधी चुकवलं नव्हतं, आणि त्या दिवशी तर त्याला देवाशी भांडायचंच होतं. रूथने कंदील जवळ ओढला आणि त्याच तारखेपुढचा, त्याच ओळीतला दुसरा उतारा काढून दिला. सैतान येशूला मंदिराच्या कळसावर नेतो आणि म्हणतो, मार उडी, कारण शास्त्रातच आहे, देवदूत तुला झेलतील, पायाला दगडाची ठेच लागायची नाही. सकाळचंच स्तोत्र, शब्दाला शब्द, सैतानाच्या तोंडी! आणि येशू त्याला सांगतो, देवाची परीक्षा पाहायची नसते.

गमाजीने पुस्तक भिंतीवर फेकलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याने देवाला शिव्या दिल्या, आईबापावरून दिल्या. "सकाळीच का न्हाई दावलंस? एकाच वळीत हुतं! दोन बोटांवर हुतं!" रूथने पुस्तक उचलून पदराने पुसलं. ती म्हणाली, "त्यानं दावलं हुतं. अर्धं तुमी वाचलं न्हाई." त्यावर तो ढसाढसा रडला. उडी मार म्हणणारा त्या दिवशी खाणीवर आला होता, आणि त्याला तोंड मिळालं होतं ते गमलिएल साळव्याचं.

तेरावा झाला. चौदाव्या दिवशी, रूथ दारात आडवी उभी असतानाही, तो खाणीवर गेला. न जाता पोट भरत नव्हतं हे खरं. पण खरं सांगायचं तर त्याला मरायचं होतं. भैरू भावाच्या जागी पहार मारत होता. त्या दिवशी पाण्याचा हंडा कुणी त्याच्यासाठी वाकडाही केला नाही. एकाच हाताने काम चालत होतं, म्हणून दारू तो भरायचा आणि ठासायला दुसरा माणूस लागायचा.

चार दिवसांनी पुन्हा तेच झालं. पाच सुरुंग, चार आवाज. सोपानरावाचा पट्टा पुन्हा मांडीवर वाजायला लागला, आणि भैरू पहार घेऊन गमाजीपुढे येऊन उभा राहिला.

"आज काय निघालं रं तुझ्या पुस्तकात? हां? आज तू जा."

माणसांनी भोवती कोंडाळं केलं. गमाजीने पहार हातात घेतली आणि त्याला फार हलकं वाटलं. चार घाव, फार तर पाच. सगळी फेड एकदम. लोक म्हणाले असते, देवावर भरवसा ठेवून गेला बिचारा. हीच उडी होती, आणि आतून कुणीतरी मोठ्या गोड आवाजात मार म्हणत होतं. तो दोन पावलं गेला. मग त्याने पहार खाली टाकली.

"मी न्हाई जाणार," तो म्हणाला. "आन् कुनी बी न्हाई जाणार. एक तास."

"भ्याला!" पहार उचलत भैरू गरजला. "माझ्या भावाला धाडताना न्हाई भ्याला! सरक, मग मीच जातो. बघू कोन झेलतंय मला!"

कड्याकडे जायची वाट दोन दगडांमधून, माणूसभर रुंद. गमाजी त्या वाटेत आडवा पडला आणि एका धडधाकट हाताने त्याने भैरूच्या पायांना मिठी मारली. भैरूने लाथ घातली. दोन दात गेले. पहार पाठीत घातली, खांद्यावर घातली, बरगडी मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. सोपानराव सोडवायला आला तर त्यालाही पहार बसली. गमाजीच्या तोंडातून रक्ताबरोबर शब्द येत होते.

"मी अर्धंच वाचलं हुतं, भैरू. अर्धं वाचून भिमाजीला धाडला. मला पेला पायजे हुता म्हणून धाडला. मार मला. पन तिकडं जाऊ नको."

मारता मारता भैरूचे हात थकले. तो तिथेच, त्याच मिठीत, मटकन खाली बसला आणि भावाच्या नावाने हंबरडा फोडून रडला. सोपानरावाने, कपाळातून रक्त गळत असताना, घड्याळ काढून वेळ मोजली.

तो सुरुंग त्या तासात उडाला नाही. उडाला असता तर गोष्ट सोपी झाली असती. भैरूला कळलं असतं आपण कशातून वाचलो, आणि गमाजीलाही. तासाभराने हातभर अंतरावर नवं भोक पाडलं, दोन्ही एकदम उडवले, आणि ट्रक उशिरा भरले. एवढंच.

गमाजी दोन महिन्यांनी परत आला, एका बाजूला झुकून. आता मोठ्याने वाचत नव्हता, आणि कुणी 'काय निघालं' विचारलं तर मान हलवून कामाला लागायचा. भैरूने त्याला माफ केलं नाही. तसं तो कधीच म्हणाला नाही, आणि म्हणाला असं मीही सांगणार नाही.

पण दिवाळीच्या आधी पुन्हा एक सुरुंग उडायचा राहिला. माणसं न सांगता आडोशाला बसली. तास मोठा असतो. कुणी तंबाखू मळली, कुणी डोळे मिटले. भैरू गमाजीकडे पाठ करून बसला होता. मान न वळवताच तो म्हणाला, "वाच."

गमाजीने पान काढलं आणि सकाळचा उतारा वाचला. वाचून झाल्यावर सवयीने पुस्तक मिटलं.

"मिटू नको," भैरू म्हणाला. "दुसरं अर्धं बी वाच. तास सरला न्हाई अजून."