रंग फक्त तळालाच होता

मंडळी, आज सकाळी माजलगावच्या धरणात माझ्या धाकट्या दिरांची बोट उतरवली आणि काठावरच तळातून पाणी आत आलं. रंग खरवडला, तर खालच्या फळ्या कुजलेल्या.

समुद्रात वापरलेली ही जुनी बोट त्यांनी कोकणातून आणली होती. यंदा ऊसतोडीला न जाता धरणात मासे धरायचे, म्हणजे लेकीची शाळा बुडणार नाही, असं ठरलं होतं.

मी म्हटलं, "भाऊजी, बैलसुद्धा चालवून बघून घेता. ही पाण्यात घालून का नाही बघितली?"

"वैनी, इंजिन लई झकास वाजत होतं."

खरं सांगते, बोट आली तेव्हाच फक्त तळाला दिलेला तो ताजा रंग मला खटकला होता. बोट घेऊन आलेला ट्रक अजून दारात उभा होता, परत पाठवता आली असती. पण जाऊ हळदकुंकू आणि नारळ घेऊन आली. शुभकामात टोकू नये म्हणून, एरवी सगळ्यांना फटकारणारी मी गप्प बसले.

आज दुपारी जावेने माळ्यावरचा ऊसतोडीचा कोयता खाली काढला.

नारळ फुटायच्या आधी तुम्ही बोलला असता का?